पाचवी मागणी

1884 सालच्या सप्टेंबर महिन्यात मुंबईत परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांच्या सभा भरल्या. पहिली कापड गिरणी ताडदेवला सुरू झाली त्याला तेव्हा अठ्ठावीस वर्षं झाली होती. सभा बोलावणारे होते नारायण मेघाजी लोखंडे. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते, ‘दीनबंधु’चे संपादक, आणि काही काळ स्वतः गिरणीत नोकरी केलेले. त्या सभांमधून एक अर्ज तयार झाला. त्यावर 5,500 कामगारांनी सह्या केल्या आणि तो सरकारनं नेमलेल्या फॅक्टरी कमिशनपुढे ठेवण्यात आला.

अर्जात मागण्या पाच होत्या. दर रविवारी सुटी मिळावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावं. मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हातात पडावा. या चार मागण्यांची गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. रविवारच्या सुटीचं श्रेय लोखंड्यांना दिलं जातं आणि ते योग्यच आहे.

पाचव्या मागणीबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. ती अशी होती की काम करताना कामगाराला मोठी दुखापत झाली, तर तो बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा. आणि तो जन्माचा अधू झाला, तर त्याच्या पोटापाण्याची योग्य सोय व्हावी.

आज मला या पाचव्या मागणीचा प्रवास सांगायचा आहे. कामगारांचे दावे चालवण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यामुळे या विषयाकडे मी थोडा इतिहासाच्या आणि थोडा वकिलाच्या नजरेनं पाहतो. दोन्ही बाजूंनी पाहिलं तरी एकच गोष्ट दिसते. चार मागण्या कधी ना कधी पुऱ्या झाल्या. रविवारची सुटी 10 जून 1890 रोजी गिरणी मालकांनी मान्य केली. दुपारचा अर्धा तास 1891 च्या फॅक्टरी कायद्यात आला. कामाचे तास पुढे टप्प्याटप्प्यानं कमी झाले. पगाराच्या तारखेचा कायदा 1936 साली झाला. पाचवी मागणी तेवढी अजून अर्धीच पुरी झाली आहे.

त्या काळच्या गिरणीत अपघात म्हणजे काय होतं, ते आधी पाहू. एका मोठ्या इंजिनाची शक्ती छताजवळच्या लांब दांड्यांना मिळे आणि तिथून चामड्याच्या पट्ट्यांनी खाली प्रत्येक यंत्रापर्यंत येई. पट्टे चालू असतानाच माणसं त्यांच्या खालून वावरत. सदऱ्याची बाही, धोतराचा सोगा, लुगड्याचा पदर पट्ट्यात सापडला की माणूस ओढला जाई. कार्डिंगच्या यंत्रात बोटं जात. साच्यावरचा धोटा उडाला, तर त्याचं लोखंडी टोक डोळ्यात बसे. 1881 च्या फॅक्टरी कायद्यानं धोक्याच्या यंत्राला कुंपण घालायला आणि अपघात सरकारला कळवायला सांगितलं होतं. म्हणजे अपघाताची नोंद सरकारच्या वहीत व्हायची. ज्याचा हात गेला त्याला काय द्यायचं, याबद्दल तो कायदा काहीच बोलत नव्हता.

मग त्या कामगारानं दाद कुठं मागायची? न्यायालयात जायला मनाई नव्हती. पण न्यायालयातलं तत्त्व इंग्लंडहून आलेलं होतं, आणि ते कसं होतं ते एका खटल्यावरून कळतं. 1837 साली इंग्लंडमध्ये एका खाटकाच्या नोकरानं मालकावर दावा लावला. मालाच्या गाडीत प्रमाणाबाहेर माल भरला होता. गाडी मोडली आणि नोकराच्या मांडीचं हाड मोडलं. ज्युरीनं त्याला 100 पौंड देवविले. वरच्या न्यायालयानं तो निकाल फिरवला. त्यातून पुढे असा नियम रूढ झाला की एका नोकराच्या चुकीनं दुसऱ्या नोकराला इजा झाली, तर मालक जबाबदार नाही.

याच्या जोडीला आणखी दोन नियम होते. एक, कामात धोका आहे हे ठाऊक असूनही तुम्ही काम पत्करलंत, तेव्हा धोकाही तुम्हीच पत्करलात. दुसरा, अपघातात तुमचा स्वतःचा थोडा जरी हलगर्जीपणा असेल, तरी दावा संपला. आता पाहा, एवढ्या मोठ्या गिरणीत मालक स्वतः यंत्रापाशी येतो कधी? चूक होणार ती जॉबरची, फिटरची, शेजारच्या साच्यावरच्या माणसाची, नाहीतर स्वतःची. म्हणजे मालकाच्या दारापर्यंत दावा पोचूच नये, अशी ही व्यवस्था होती. घरातला कर्ता कामावर मरण पावला, तर 1855 च्या कायद्यानं वारसांना दावा लावता येई; पण दोष कोणाचा, हे त्यांनाही सिद्ध करावं लागे. कोकणातल्या किंवा साताऱ्याकडच्या खेड्यातली विधवा ते कुठून सिद्ध करणार?

लोखंड्यांच्या पाचव्या मागणीचं महत्त्व इथं लक्षात येतं. त्या मागणीत चूक कोणाची हा शब्दच नाही. काम करताना इजा झाली, एवढंच पुरेसं मानलं आहे. योगायोग असा, की त्याच वर्षी, 1884 सालीच, जर्मनीत बिस्मार्कच्या सरकारनं कामगारांच्या अपघात विम्याचा कायदा केला. त्याचंही मूळ हेच होतं. यंत्र वापरून कारखाना चालवायचा, तर काही माणसं जखमी होणारच. तो कारखान्याच्या खर्चाचाच एक भाग आहे, कोळशासारखा आणि तेलासारखा. मग तो खर्च कारखान्यानं उचलावा. इंग्लंडला हे पटायला 1897 साल उजाडलं. परळच्या सभेतल्या माणसांना ते तेरा वर्षं आधी पटलं होतं.

आपल्याकडे मात्र लोखंड्यांच्या हयातीत यातलं काहीच झालं नाही. 1897 च्या फेब्रुवारीत मुंबईत प्लेगनं त्यांचं निधन झालं. त्यानंतरची वीस-बावीस वर्षं हा प्रश्न तसाच पडून होता.

तो पुन्हा वर आला पहिल्या महायुद्धानंतर. महागाई वाढली होती, गिरण्यांना नफा चांगला होता आणि मुंबईत मोठमोठे संप होत होते. 1919 साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटना स्थापन झाली. तिच्या वॉशिंग्टनच्या पहिल्या परिषदेला हिंदुस्थानी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले ते नारायण मल्हार जोशी. ना. म. जोशी मूळचे कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे, भारत सेवक समाजाचे कार्यकर्ते. 1911 साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली होती. 1920 साली मुंबईतच ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली, तीत ते आघाडीवर होते. 1921 पासून ते दिल्लीच्या विधिमंडळात कामगारांचे नियुक्त प्रतिनिधी होते. लोअर परळच्या रस्त्याला त्यांचं नाव आहे. ते नाव रोज वाचणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल, कुणास ठाऊक.

या सगळ्या दबावाखाली 1923 साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. 1 जुलै 1924 पासून तो अमलात आला. आपल्या देशातला सामाजिक सुरक्षेचा हा पहिला मोठा कायदा. त्यानं दोष कोणाचा हा प्रश्न बाजूला ठेवला. अपघात कामामुळे आणि कामाच्या ओघात झाला, एवढं दाखवलं की पुरे. दावा नेहमीच्या दिवाणी न्यायालयात न जाता खास नेमलेल्या आयुक्तापुढे चालायचा.

त्या कायद्यानं माणसाच्या शरीराची किंमत कशी ठरवली, ते पाहण्यासारखं आहे. मृत्यू आला तर तीस महिन्यांचा पगार किंवा 2,500 रुपये, यांतली जी रक्कम कमी असेल ती. माणूस कायमचा पूर्ण अधू झाला तर बेचाळीस महिन्यांचा पगार किंवा 3,500 रुपये, यांतली कमी रक्कम. आणि अवयव गेला, तर त्यासाठी टक्क्यांचं कोष्टक. एक डोळा 30 टक्के. अंगठा 25 टक्के. उजवा हात कोपरापासून किंवा त्याच्या वर गेला तर 70 टक्के, तसाच डावा गेला तर 60. समजा, एखाद्या विणकराला महिना 40 रुपये मिळत असले आणि त्याचा अंगठा गेला, तर बेचाळीस महिन्यांचे 1,680 रुपये, आणि त्याचे 25 टक्के म्हणजे 420 रुपये. वर्षभराच्या पगाराहूनही कमी. शिवाय हा कायदा सगळ्यांना नव्हताच. कारखाने, खाणी, रेल्वे, गोद्या अशी ठरावीक धोक्याची कामं आणि 300 रुपयांपर्यंतचा पगार, एवढ्यापुरताच तो होता. शेतमजूर बाहेर राहिले, घरकाम करणाऱ्या बाया बाहेर राहिल्या.

आता पाचवी मागणी शेजारी ठेवून पाहा. बरा होईपर्यंत पूर्ण पगार, असं कामगारांनी मागितलं होतं. कायद्यानं दिला अर्धा पगार, तोही 15 रुपयांच्या पंधरवड्याच्या मर्यादेत, आणि पहिले दहा दिवस काहीच नाही. जन्माच्या सोयीऐवजी मिळाली एकरकमी रक्कम. ती कर्ज फेडण्यात आणि गावाकडच्या लग्नकार्यात किती दिवस पुरणार?

तरीही या कायद्याला नावं ठेवून मी थांबणार नाही. कारण तो करणाऱ्यांना मालक आणि मुकादम कसे वागतात, याची चांगली जाण होती. चार तरतुदी तर मला आजही थक्क करतात.

पहिली, कामगारानं भरपाईचा हक्क सोडल्याचं लिहून दिलं, तरी ते लिहिणं रद्द समजायचं. कोऱ्या कागदावर अंगठा घेण्याची रीत होती, तिच्यावर हा उपाय होता. दुसरी, मृत्यूची भरपाई मालकानं परस्पर वारसांना द्यायची नाही. आयुक्ताकडे भरायची आणि आयुक्तानं वाटायची. परस्पर दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरलीच जायची नाही. विधवेच्या हातावर शंभर-दोनशे ठेवून तिला गावी पाठवण्याची वाट यानं बंद झाली. तिसरी, काम कंत्राटदारामार्फत करून घेतलं आणि ते धंद्याचाच भाग असलं, तर भरपाई मूळ मालकाकडून मागता येते. त्यानं ती कंत्राटदाराकडून हवी तर वसूल करावी. चौथी पुढच्या काळात जोडली गेली. निकालाविरुद्ध मालकाला हायकोर्टात जायचं असेल, तर आधी भरपाईची सगळी रक्कम आयुक्ताकडे भरावी लागते. पक्षकार दमेपर्यंत अपील लांबवण्याचा खेळ त्यामुळे अवघड झाला.

कायदा झाला म्हणून गोष्ट संपली नाही. व्हिटली कमिशन 1929 ते 1931 या काळात देशभर हिंडलं. ना. म. जोशी त्याचे सदस्य होते. त्याच्या शिफारशींनंतर 1933 साली कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. पहिल्या बिनपगारी दहा दिवसांचे सात झाले, आणि बऱ्याच वर्षांनी, 1959 साली, तीन. 1938 साली आणखी एक कायदा झाला आणि इंग्लंडमधून आलेला तो ‘सहकारी नोकराची चूक’ हा बचाव आपल्याकडे बंद झाला. खुद्द इंग्लंडमध्ये तो 1948 साली बंद झाला, म्हणजे आपल्यानंतर दहा वर्षांनी.

कायद्यातले शब्द थोडे असतात आणि आयुष्य फार पसरलेलं असतं. ‘कामाच्या ओघात’ म्हणजे नेमकं केव्हापासून केव्हापर्यंत? मुंबईतल्याच एका खटल्यानं याचं उत्तर दिलं. 1957 च्या जुलैत बेस्टचा एक चालक जोगेश्वरी आगारात पाळी संपवून सांताक्रूझला घरी निघाला. गणवेशातल्या चालकांना बेस्टच्या बसमधून फुकट प्रवासाची मुभा होती, तसा तो बसमध्ये बसला. वाटेत ती बस रस्त्यात उभ्या असलेल्या लॉरीवर आदळली आणि काही दिवसांनी तो रुग्णालयात मरण पावला. त्याच्या पत्नीनं भरपाई मागितली. पाळी संपली होती, तो घरी चालला होता, मग काम कुठलं, असं संस्थेचं म्हणणं. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1963 साली न्यायालयानं बहुमतानं सांगितलं की चालकांनी वेळेवर यावं-जावं म्हणूनच ही सोय दिली होती. एवढ्या पसरलेल्या शहरात ती त्यांच्या कामाचाच भाग आहे. त्या बाईंना भरपाई मिळाली.

दुसरा निकाल ओडिशातल्या एका सुताराचा, 1975 सालचा. चित्रपटगृहाचं काम करताना तो पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. कोष्टकात डोकावलं, तर एका हाताला ठरावीक टक्के. पण सर्वोच्च न्यायालयानं विचारलं, एका हातानं सुतारकाम होतं का? होत नाही. मग या माणसाच्या बाबतीत नुकसान शंभर टक्के. आणि त्याच निकालात आणखी एक मोलाची गोष्ट सांगितली, की भरपाई देणं लागतं ते अपघाताच्या दिवसापासून. निकालाची वाट पाहत बसणं हा मालकाचा हक्क नव्हे. उशीर केला तर व्याज आणि दंड. हा निकाल मी किती वेळा वाचून दाखवला असेल, त्याची गणती नाही.

या एकरकमी भरपाईपेक्षा वेगळी वाट स्वातंत्र्याच्या सुमारास निघाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, 1943 साली, प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायचं काम सोपवलं गेलं. 1944 साली त्यांनी अहवाल दिला, त्यातून 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूरला पंडित नेहरूंनी त्याची सुरुवात केली. आपण ज्याला ईएसआय म्हणतो, तीच ही योजना. तिच्यात मालक आणि कामगार दोघंही वर्गणी भरतात. कामावर इजा झाली तर उपचार मिळतात, बरा होईपर्यंत सरासरी पगाराच्या 90 टक्के रक्कम मिळते, अपंगत्व आलं तर आयुष्यभर दरमहा पैसे, आणि मृत्यू आला तर वारसांना दरमहा. पाचव्या मागणीच्या सगळ्यांत जवळ आपण आलो ते इथं. पण ही योजना साधारणपणे दहा किंवा अधिक माणसांच्या आस्थापनांना आणि ठरावीक पगारापर्यंतच्या कामगारांना लागू होते. ती मर्यादा 2017 साली महिना 21,000 रुपये झाली. बाकीच्यांसाठी वाट जुनीच.

त्या जुन्या कायद्याचं नाव 2010 साली बदलून ‘कर्मचारी भरपाई कायदा’ झालं आणि कारकुनी काम करणारेही त्यात आले. हिशेबाची पद्धतही त्याआधी सुधारली होती. मृत्यूसाठी पगाराचे 50 टक्के, पूर्ण अपंगत्वासाठी 60 टक्के, आणि त्याला वयानुसार ठरलेल्या आकड्यानं गुणायचं. विचारात घ्यायच्या पगाराची मर्यादा 2020 साली 15,000 रुपये झाली. महिना 12,000 मिळवणाऱ्या तीस वर्षांच्या माणसाचा अंगठा गेला, असं धरा. 12,000 चे 60 टक्के म्हणजे 7,200. त्याला 207.98 नं गुणलं की जवळजवळ 14,97,000. अंगठ्याचे आता 30 टक्के धरतात, म्हणजे सुमारे 4,49,000 रुपये. 1924 च्या 420 रुपयांपेक्षा हे पगाराच्या मानानंही पुष्कळ अधिक आहे. पण तो घरी बसून असेपर्यंतचा पगार? तो या कायद्यात अखेरपर्यंत अर्धाच राहिला.

आणि जे मिळायचं, तेही कुठं गळतं, ते आता सांगतो.

पहिली गळती अंतराची. गिरणगावात माणूस मेला की त्याची बायको-मुलं असायची रत्नागिरीला नाहीतर घाटावर. दावा लावायचा तो जिथं अपघात झाला तिथल्या आयुक्ताकडे. एसटीचं भाडं, मुंबईत कुणाकडे तरी उतरणं, तारखेवर तारीख. वारसांना स्वतः राहतात तिथल्या आयुक्ताकडे दावा लावण्याची सोय 1995 साली झाली. एवढी साधी सुधारणा व्हायला एकाहत्तर वर्षं लागली.

दुसरी गळती आजाराची. अपघाताचा आवाज होतो, आजाराचा होत नाही. 1923 च्या कायद्यात कामामुळे होणाऱ्या आजारांची यादी होती. तीत शिसं आणि फॉस्फरसची विषबाधा होती, जनावरांच्या कातड्या-लोकरीतून होणारा अँथ्रॅक्स होता. पण ज्या शहरात हजारो माणसं कापसाच्या धुळीत श्वास घेत होती, त्या शहराचा दमा त्या यादीत नव्हता. ब्लोरूम आणि कार्डिंग खात्यातल्या कामगारांची छाती भरायची, ती ‘थंडी बाधली’ म्हणून. कापसाच्या धुळीचा हा आजार यादीत आला, तेव्हा पिढ्या उलटून गेल्या होत्या.

तिसरी गळती सगळ्यांत मोठी, आणि ती म्हणजे कामावर असल्याचा पुरावा. माझ्याकडे एकदा एक तरुण आला. एका औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या शेडमध्ये पॉवर प्रेसवर त्याची दोन बोटं गेली होती. आठ महिने तो तिथं काम करत होता, पण त्याच्याजवळ ना कार्ड, ना पगाराची पावती. अपघातानंतर हजेरीपटावर त्याचं नाव चढलं ते दुसऱ्या दिवसाच्या तारखेनं. मुकादम म्हणाला, हा आमचा माणूसच नव्हे, कुणाला तरी भेटायला आला होता. त्याला वाचवलं एका चिठ्ठीनं. पहिल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी केसपेपरवर एका ओळीत लिहिलं होतं की कामावर असताना प्रेस मशीनमध्ये हात सापडला. सोबत आलेल्यानं दारात बोटं चेमटली असं सांगायचा प्रयत्न केला होता. पण हा पोरगा वेदनेतही खरं बोलला आणि डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. त्या ओळीवर दावा उभा राहिला.

गिरण्या गेल्या. काम भिवंडी-इचलकरंजीच्या यंत्रमागांवर, छोट्या शेडमध्ये, इमारतींच्या पराच्यांवर आणि कंत्राटदारांच्या टोळ्यांमध्ये विखुरलं. गिरणीत निदान बदली कामगाराचंही नाव कुठल्या तरी पटावर असे. आता मालक कोण, हेच अनेकांना सांगता येत नाही. हंगामी आणि अधूनमधून लागणाऱ्या मजुराला वगळणारे शब्द कायद्यातून 2000 साली काढून टाकले, हे बरंच झालं. पण कायदा मजुराला ओळखायला लागला, तरी मालकानंही ओळखायला हवं ना?

आता हा सगळा जुना कायदा ‘सामाजिक सुरक्षा संहिता, 2020’ या नव्या कायद्यात सामावला गेला आहे. ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली. भरपाईची मूळ चौकट तिनं कायम ठेवली आहे. घरापासून कामापर्यंतच्या ये-जा करतानाचा अपघात, त्याचा कामाशी संबंध दिसत असेल तर, कामाच्या ओघातला समजावा, असं तिच्यात म्हटलं आहे. बेस्टच्या चालकाच्या पत्नीला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन जे मिळवावं लागलं, त्याच दिशेचं हे पाऊल आहे. मोबाइलवरच्या ॲपमधून काम मिळवणाऱ्यांची, म्हणजे घरोघर जेवण आणि सामान पोचवणाऱ्यांची, व्याख्याही या संहितेनं पहिल्यांदा केली. त्यांच्यासाठी अपघात विम्यासारख्या योजना करायची तरतूद आहे. पण योजना सरकारनं आखायची असते, आणि हक्क कामगारानं मागायचा असतो. 1923 च्या कायद्याचं मोल हेच होतं की त्यानं दयेच्या जागी हक्क आणला. मोटरसायकलवरून पडलेल्या त्या मुलाला आज आपण काय देणार आहोत, योजना की हक्क?

हे ऐकणाऱ्या-वाचणाऱ्यांत कुणी कामगार असतील, कुणाच्या घरात असतील. त्यांना मी चार साध्या गोष्टी सांगतो. पहिल्या डॉक्टरांना अपघात कुठं आणि कशावर झाला ते स्पष्ट सांगा आणि लिहून घ्यायला लावा. मालकाला लेखी कळवा आणि त्याची प्रत ठेवा. शेजारी कोण काम करत होतं, त्यांची नावं टिपून ठेवा. पगार बँकेत येत नसेल, तर ज्या मोबाइलवरून पैसे आले त्याचा पुरावा जपा. आणि वेळ घालवू नका. जुन्या कायद्यात दाव्याची मुदत दोन वर्षांची होती, आणि ती चुकली म्हणून हात हलवत परत गेलेली माणसं मी पाहिली आहेत. सहीसाठी कुणी कागद पुढे केला, तर आधी तो कुणाकडून तरी वाचून घ्या. घाबरून सही झालीच असेल, तरीही दावा सोडू नका. हक्क सोडल्याचं लिहून दिलेलं कायदा मानत नाही.

सुपारीबागेत सह्या करणाऱ्या 5,500 माणसांपैकी बहुतेकांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. त्यांतल्या किती जणांची बोटं धड होती, तेही नाही. बरा होईपर्यंत पूर्ण पगार आणि अधू झाल्यास जन्माची सोय, एवढंच त्यांनी मागितलं होतं. ईएसआयचं कार्ड असलेल्याला आज शंभरातले नव्वद मिळतात, भरपाईच्या कायद्याखालच्याला पन्नास, आणि ज्याचं नाव कुठल्याच पटावर नाही त्याला काहीच नाही. रविवारची सुटी उपभोगताना या पाचव्या मागणीचीही आठवण ठेवायला हवी. ती अजून बाकी आहे.